माझ्या हातचे स्फटिक

वरणाचं पातेलं काकूंनी माझ्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही. दोन्ही कडा धरल्या आणि हळूच ओढलं, लहान मुलाच्या हातून काचेची वस्तू काढून घेतात तसं.

"तू राहू दे ग," म्हणाल्या. "तू बस."

मी पंगतीच्या मधोमध उभी होते. निम्म्या पानांवर वरण वाढून झालं होतं. काकू पातेलं घेऊन आत गेल्या. स्वयंपाकघरातून त्यांचा दबका आवाज आला. कामाच्या बाईंना सांगत होत्या, "हे मागे गाईच्या बादलीत ओत. आणि डाळ पुन्हा लाव."

मी ज्या पानांवर वाढलं होतं ती पानं उचलली गेली. दुसरी मांडली. पंगत थांबली, कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसली.

"माशी पडली होती," काकू बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाल्या.

माशी पडली नव्हती. पातेलं माझ्या हातात होतं. मला दिसलं असतं.

काकू म्हणजे माझ्या गाईडच्या पत्नी. दरवर्षी गौरीच्या जेवणाला सर लॅबमधल्या सगळ्या विद्यार्थ्यांना बडोद्यात नागरवाड्यातल्या घरी बोलवत. घर जुन्या जागेवर नवं बांधलेलं, खाली संगमरवरी फरशी. दिवाणखान्यात सरांच्या पणजोबांचा पगडीतला फोटो. ते संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते हे आल्यागेल्याला सांगितलं जाई. मुलांनी पंगतीत बसायचं आणि मुलींनी वाढायचं, अशी लॅबची रीत होती. रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुली त्या दिवशी पदर खोचून भात वाढत. मी नवीन होते. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. हातात पातेलं असलं की बोलावं लागत नाही.

वाढायला घेण्याआधी काकूंनी माझी चौकशी केली होती. प्रेमाने.

"समा भागात राहता ना? वडील रिफायनरीत, हे म्हणाले मला. पण मूळचे कुठले तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं. आमचं आडनाव त्या गावावरूनच आलेलं आहे, शेवटी 'कर' लागतं.

"अय्या, मग तुमचं कुलदैवत कोणतं?"

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले.

काकू हसत होत्या. हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे बदलले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात पातेलं दिलं आणि मी पंगतीकडे वळले. बाकीचं वर लिहिलं आहे.

माझ्याबरोबर हेतल वाढत होती. ती पटेल, गुजराती, नडियादची. तिचं पातेलं कुणी काढून घेतलं नाही. मी काकूंना विचारलं नाही, पण त्यांनी स्वतःहून सांगितलं, "आमच्याकडे गौरीचं सोवळं फार कडक असतं." हेतल जीन्स घालून आली होती. तिच्या हातची कोशिंबीर सगळ्यांनी खाल्ली.

सर पंगतीच्या टोकाला बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं. मग पानाकडे बघून मीठ सारखं करत राहिले.

बडोद्यात गुजराती शेजाऱ्यांना आम्ही मराठी सगळे सारखेच. दक्षिणी. नागरवाड्यातले सर आणि समाच्या सोसायटीतली मी, त्यांच्या लेखी एकच. आम्हाला निवडून काढायला मराठी माणूसच लागतो.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"शिजलेलं वरण ओतून दिलं?"

"हो."

"सगळं?"

"हो."

तिने ताट जोरात खाली ठेवलं आणि उठून गेली.

बाबा बोलले. "तू सांगितलंस कशाला?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं तर गाव सांगायचं. पुढे गप्प राहायचं. डिग्री हातात येऊ दे, मग सांग सगळ्या जगाला."

बाबा असेच जगले. आजोबा संस्थानाच्या फौजेत शिपाई होते, धर्म त्यांनी बदलला. बाबांनी तो घरात ठेवला. बाहेर फक्त आडनाव नेलं. मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं, कारण इंग्रजीत कोण कुठल्या वस्तीतून आलं ते ऐकू येत नाही. फी भरताना त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांनी माझ्यासाठी एक आडोसा विकत घेतला होता आणि मी काकूंच्या एका प्रश्नावर तो बाजूला केला, म्हणून ते चिडले होते. मला त्यांचा राग आला नाही. पण ते बरोबर आहेत असंही वाटलं नाही.

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. तोवर ते माझ्याशी मराठीत बोलत. 'बाळ' म्हणत. माझी इंग्रजी ऐकून आणि माझं आडनाव वाचून त्यांनी मला पहिल्या भेटीतच घेतलं होतं. "आपल्यातली एक तरी मुलगी हवी लॅबमध्ये," असं तेव्हा म्हणाले होते. 'आपल्यातली' म्हणजे मराठी, असं मी समजले होते.

त्या सोमवारपासून ते माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले.

"तू आम्हाला आधी स्पष्ट सांगायला हवं होतंस," ते इंग्रजीत म्हणाले. "माझी बायको फार दुखावली आहे."

फसवलं होतं म्हणे मी त्यांना. चूक त्यांची होती, आडनावाचं शेपूट पाहून त्यांनी मला आपल्या जातीत धरलं होतं. आणि गुन्हेगार मी.

दुपारी आमच्या लॅबमध्ये चहा व्हायचा. चहासाठी एक मोठा बीकर वेगळा ठेवलेला असे, त्यावर लाल तेलरंगाने खूण केलेली. चहा मी करत असे, कारण हेतलचा चहा म्हणजे पाक. सर रोज माझा चहा पीत. सोमवारी मी कप पुढे केला.

"ॲसिडिटी," ते म्हणाले.

मंगळवारीही ॲसिडिटी. मग एक दिवस मी मुद्दाम उशिरा आले. हेतलने चहा केला होता. तो गोड पाक सर घोट घोट पीत उभे होते. मला बघून त्यांनी कप टेबलावर ठेवला. उचलला नाही पुन्हा.

त्यानंतर मी चहा करणं सोडलं. कुणी कारण विचारलं नाही.

आता कामाबद्दल. एक नवं संयुग मी तयार केलं होतं. पुढेमागे औषधात उपयोगी पडेल अशा गटातलं. पण ते कायम तेलासारखं चिकट राही. स्फटिक झाल्याशिवाय क्ष-किरणांनी त्याची आतली रचना कळत नाही, आणि रचना कळल्याशिवाय पेपर नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात द्रावक भराभर उडून जाई. फ्रिजमध्ये ठेवावं तर त्याच्या मोटरीची थरथर. शेवटी मी एका द्रावकावर दुसरं द्रावक बाटलीच्या कडेने थेंब थेंब सोडलं, दोन्ही एकमेकांत मिसळू न देता. बाटली थर्माकोलच्या डब्यात घातली आणि तराजूच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर ठेवली. तराजू हलू नये म्हणून तो ओटा जमिनीपासून वेगळा बांधलेला आहे. तिथे काही हलत नाही. मी रोज दारापर्यंत जाऊन परत येई. डबा उघडत नसे. धीर धरणं मला जमतं. लाजाळू माणसाला ते फुकट मिळतं.

स्फटिक आले. पिवळे, सुईसारखे, स्वच्छ. हे गौरीच्या आधीचं. सरांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले होते, "तुझ्या हाताला गुण आहे, बाळ."

गौरीनंतर त्यांनी ते काम निनादला दिलं. निनाद काकूंच्या माहेरच्या नात्यातला, माझ्या मागून लॅबमध्ये आलेला. "रचनेचा भाग निनाद बघेल," सर इंग्रजीत म्हणाले. "तू संयुग बनवत राहा. पेपरमध्ये शेवटी आभारात तुझं नाव घालू."

आभारात. जिथे वीज आणि काचसामान पुरवणाऱ्यांचं नाव असतं.

मी "ओके सर" म्हणाले. आवाज नीट निघाला. त्याचं मला आजही नवल वाटतं.

निनादला स्फटिक येईनात. तो घाईचा. डबा उघडून बघायचा, बाटली हलवायची, मग तळाशी तेल. एकदा माझ्या टेबलाला टेकून म्हणाला, "तूच करून दे ना यार. तुला काय, पोळ्या लाटल्यासारखं आहे ते."

मी करून दिले. दोनदा. हे लिहिताना हात जड होतो, पण करून दिले.

मग मुंबईच्या एका औषध कंपनीची माणसं यायची ठरली. नवे वारे वाहत होते. कंपन्या विद्यापीठांच्या दारात येत होत्या, कॉरिडॉरमध्ये पेटंटचं बोलणं चालायचं. कंपनीला काम आवडलं तर ते करणाऱ्याला तिथे संशोधनाची जागा मिळणार होती. सरांनी पंखे पुसून घेतले. निनादला टाय लावायला सांगितला. मला सांगितलं, "जवळपास राहा."

पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या, केस बारीक कापलेल्या, कंपनीच्या संशोधन विभागाच्या मुख्य. निनाद बोलला, चांगलं बोलला. बाईंनी माझी बाटली हातात घेतली. फिरवून पाहिली.

"हे असे वाढवले कसे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सावकाश बाष्पीभवन करून," निनाद म्हणाला.

"कोणतं द्रावक?"

निनादने माझ्याकडे पाहिलं.

"बाष्पीभवनाने एवढे स्वच्छ येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "मला पद्धत बघायची आहे."

सर हसले. मग माझ्याकडे वळले आणि इतक्या महिन्यांनंतर मराठीत म्हणाले, "ये बाळ. करून दाखव त्यांना."

बाळ.

मी ॲप्रनच्या खिशात हात घातले. मला पातेलं दिसलं. हळूच ओढून घेतलेलं. बादलीत ओतलेलं. सरांच्या घरी माझ्या हातचं वरण विटाळलं, आणि इथे माझ्याच हातचे स्फटिक टेबलावर मांडून हे लोक त्यांच्यासाठी टाय लावून उभे होते. हात हवे होते त्यांना. हातांची मालकीण नको होती.

"नको सर," मी मराठीत म्हणाले. "माशी पडेल."

सरांचं हसू गेलं. हेतल मागे उभी होती, तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. आणखी कुणाला काही कळलं नाही. म्हणून मी बाईंकडे वळले आणि बाबांनी विकत घेतलेल्या त्या इंग्रजीत सांगितलं.

"हे संयुग मी बनवलं आहे. हे स्फटिक मी वाढवले आहेत. पद्धत माझी आहे. पेपरवर माझं नाव पहिलं असेल तर आत्ता दाखवते. नसेल तर दाखवणार नाही."

माझा आवाज थरथरत होता. थरथरू दे. शब्द थरथरले नाहीत.

बाईंनी बाटली खाली ठेवली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. "हा तुमचा अंतर्गत प्रश्न दिसतो," त्या सरांना म्हणाल्या. "मिटला की कळवा." आणि पर्स उचलली. त्यांनी मला वाचवलं वगैरे नाही. त्यांच्याकडून मी ती अपेक्षा केली नव्हती.

पाहुणे गेल्यावर सरांनी केबिनचं दार लावलं नाही. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून उघडंच ठेवलं.

"तुम्हा लोकांना कितीही वर आणा," ते म्हणाले. मराठीत. "शेवटी दाखवताच तुम्ही."

"मला तुम्ही आणलं नाही," मी म्हणाले. "मी मार्कांवर आले."

"बाहेर जा."

मी बाहेर आले. हेतल माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. "तें बराबर कह्युं," ती म्हणाली. "पण हवे शुं करीश?" बरोबर बोललीस, पण आता करशील काय. तिला त्याच लॅबमध्ये परत जायचं होतं. ती गेली.

सरांनी मला काढून टाकलं. वागणूक चांगली नाही, असं कारण दिलं. मी इतर प्राध्यापकांकडे गेले. एकाने सांगितलं, आधी सरांशी मिटव. दुसऱ्याने सांगितलं, जागा नाही. त्याच्याकडे त्याच महिन्यात दुसरी मुलगी रुजू झाली. बाबा माझ्याशी मोजकं बोलतात. त्यांच्या मते मी आडोसाच जाळून टाकला. खरं आहे. त्या आडोशाआड उभं राहून मला आता श्वास घेता येत नाही.

निनादच्या बाटलीत अजून तेल आहे. हेतल सांगते. पेपर गेलेला नाही, स्फटिक वाढवायची पद्धत तिथे कुणाला लिहिता येत नाही.

परवा मी दुसऱ्या विभागातल्या एका प्राध्यापकांना भेटले. त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि मान वर केली. ते ओळखीचं हसू मला आता लांबून कळतं. त्यांनी गाव विचारायच्या आत मी सांगितलं, मी बौद्ध आहे. मी काय बनवलं आहे ते सांगितलं. आधीचा गाईड का सुटला तेही सांगितलं. त्यांचं हसू मावळलं.

"बघू," ते म्हणाले.

'बघू'वर माझा विश्वास नाही. ते नाही म्हणाले तर मी पुढचं दार ठोठावीन. त्या दारातही हेच सांगेन, विचारायच्या आधी, याच क्रमाने. बडोद्यात दारं संपली तर दुसऱ्या गावी जाईन.

पण यापुढे कुणाच्याही टेबलावर माझ्या हातचं ठेवायचं असेल तर शेजारी मी उभी असेन, माझ्या नावासकट. मी चालत नसेन, तर तेल बघत बसा.