काय खाल्लं आणि किती वाजता

आमच्या शिक्षिकेला मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही आणि तिने ते कधी लपवलंही नाही. उत्तर चीनमधल्या एका हॉस्पिटलात वीस वर्षं काम करून ती अमेरिकेत आली होती. पहिल्याच तासाला तिने मला उभं केलं.

"नवरा सॉफ्टवेअरमध्ये?"

मी हो म्हटलं.

"तुला नोकरी करता येत नाही, म्हणून इथे आलीस. तुझ्यासारख्या दरवर्षी येतात. सुई हातात येण्याआधी निघून जातात."

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी चालत नव्हती, शिक्षण चालत होतं, हे खरंच होतं. पण निघून जायला मी आले नव्हते. माझे वडील वाशीम जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या दवाखान्यात शिपाई होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बीएस्सी झाल्यावर पुढे काही जमलं नाही, लग्न झालं आणि अमेरिकेतल्या बॉथेल गावी आले. चिनी वैद्यकाच्या कॉलेजात नाव घातल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "डॉक्टरीण हो. कुठलीही हो."

बॉथेलची मराठी मंडळी याहून मोकळेपणाने बोलायची. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या सीनियरच्या बायकोला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. दर शनिवारी कुणाच्या तरी घरी पॉटलक असायचं, प्रत्येकीने एकेक पदार्थ करून न्यायचा, आणि तिथे काकू बोलल्या की बाकीच्या हसायच्या.

"बीएस्सी करून सुया टोचायला शिकतेस? तुमच्या गावात कंपाउंडर टोचतो ना गं? त्याला कुठे कॉलेज लागतं?"

"यार, निदान रक्त तरी काढायला शीक," एक मैत्रीण म्हणाली. "त्याला डिमांड आहे."

मीही हसायचे. घरी येऊन भांडी आपटायचे.

कॉलेजात दिवसभर नाडी बघायची. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं. माझ्या बोटांवर शिक्षिका आपली बोटं ठेवून दाबायची आणि म्हणायची, "तू दार ठोठावतेयस. ऐक फक्त." वर्गात सगळ्यांत जास्त वेळा माझाच हात तिने झिडकारला, आणि सगळ्यांत जास्त वेळा धरलाही माझाच. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षा होती. बाहेरचा एक रुग्ण आणायचा, शिक्षिकेसमोर त्याला प्रश्न विचारायचे, जीभ आणि नाडी बघायची, सुया लावायच्या. पास झालं तर क्लिनिकमध्ये प्रवेश. संधी दोन. दोन्ही वेळा नापास झालं तर कोर्स संपला.

मला रुग्ण मिळेना. मैत्रिणींनी एकेक कारण सांगून कॅन्सल केलं. शेवटी मी काकूंना फोन केला, कारण त्यांचा उजवा खांदा आखडला होता. सहा महिने फिजिओथेरपी करूनही त्यांना स्वतःचा अंबाडा घालता येत नव्हता.

"येते," काकू म्हणाल्या. "बघू तरी, काय शिकवतात."

परीक्षा मंगळवारी दुपारी होती. काकू खुर्चीत ताठ बसल्या. मागे शिक्षिका वही घेऊन उभी. मी यादीप्रमाणे प्रश्न विचारत गेले. उपाशी माणसाला सुई लावायची नाही, हा पहिला नियम.

"काकू, खाऊन आलात ना?"

"झालंय, झालंय. तू तुझं कर."

मी फॉर्मवर खूण केली. जीभ पाहिली, नाडी पाहिली. नाडी बारीक लागत होती. शिक्षिकेच्या धाकाने मीच बोट जास्त दाबत असेन, असं मला वाटलं. खांद्यासाठी नडगीच्या बाजूला एक जागा असते. तिथे सुई लावून हात वर करायला सांगायचं.

"खांदा दुखतोय आणि ही पायाला टोचते," काकू म्हणाल्या. "वर करू? हा बघ, केला."

हात खरंच कानापर्यंत गेला. त्या हाताकडे बघत असतानाच काकूंचा चेहरा पांढरा पडला आणि त्या खुर्चीतून घसरल्या.

शिक्षिकेने मला ढकललं. सुई काढली, काकूंना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले आणि नाकाखाली नखाने दाबलं. काकूंनी डोळे उघडताच त्यांच्या तोंडाला कोमट साखरपाणी लावलं. दोन घोट गेल्यावर काकूंना भान आलं. पेला हाताने लोटून त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माझी अंगारकी मोडलीस."

त्यांचा उपास निर्जळी होता. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

अंगारकी मला माहीत नव्हती असं नाही. माझाही उपासच होता. सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी खाऊन मी आले होते. उपास म्हणजे पोट रिकामं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काकू गेल्यावर शिक्षिकेने विचारलं, "खाल्लं का, हे विचारलंस?"

"विचारलं. त्या हो म्हणाल्या."

"माझ्या गावातही रस्त्यात भेटलं की हेच विचारतात. जेवलास का? पोटात अन्न नसलं तरी माणूस 'जेवलो' म्हणतो. अमेरिकन विद्यार्थ्याला हे कळणार नाही. तुला कळायला हवं होतं." तिने वहीवर रेघ मारली. "काय खाल्लं आणि किती वाजता, असं विचारायचं. नापास."

पुढच्या शनिवारी मी पॉटलकला गेले नाही. काकूंनी काय काय सांगितलं ते मला फोनवर तीन जणींकडून कळलं. नवरा म्हणाला, "सोडून दे ना. माझं ऑफिसात अवघड होतंय."

दुसऱ्या परीक्षेला आठवडा उरला तरी कुणी यायला तयार नव्हतं. मी काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आता काय, मारायचंच राहिलंय?" त्या म्हणाल्या. आत यायला सांगितलं नाही. पण त्यांच्या मानेवर अंबाडा होता, जरा वाकडा, स्वतःच्या हाताने घातलेला. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. "बघतेस काय? किती वाजता यायचं ते सांग."

त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "दोन पोळ्या, मटकीची उसळ, वरणभात. साडेअकराला. घे लिहून."

मी लिहिलं आणि तरी विचारलं, "काकू, आज काय खाल्लंत आणि किती वाजता?"

"सांगितलं ना आत्ता. विश्वास नाही माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले.

शिक्षिकेला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण माझं ते "नाही" ऐकून तिने वहीत बरोबरची पहिली खूण केली. काकूंनी चिडून सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी ताकासकट, आणि मनगट माझ्यापुढे केलं.