इस्माईल मिस्त्रींच्या काचा

नागपूरच्या गाडीतून मलकापूरला उतरलो तेव्हा फलाटावर कापसाच्या गाठींची थप्पी लागलेली होती. माझ्या मोठ्या ट्रंकेतही कापूसच भरलेला होता, कारण येताना तिच्यातून काचा आणायच्या होत्या. वऱ्हाडात बाहेरून कापूस आणणारा माणूस आजवर पाहिला नव्हता, असं म्हणत हमाल हसला.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. पुण्यात माझा फोटो स्टुडिओ. मोताळ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मावसभावाने कळवलं होतं की, जवळच्या एका खेड्यात गवंड्याच्या घरी काचेच्या जुन्या निगेटिव्ह आहेत. सगळ्या विहिरींच्या आणि त्या खणणाऱ्या, बांधणाऱ्या माणसांच्या. पुण्यातल्या एका संग्रहालयाला त्या हव्या होत्या, म्हणून मी निघालो.

मोताळ्यापर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्यांची (कपाशीची) वेचणी चाललेली, आणि दक्षिणेला बुलढाण्याच्या घाटाची निळसर रेघ. गाडीवान सबंध वाटेत एवढंच बोलला की, या भागातल्या निम्म्या विहिरी इस्माईल मिस्त्रीच्या हातच्या आहेत.

इस्माईल मिस्त्री वारून बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांचा मुलगा रहीम मिस्त्री आणि सून जैतूनबी. घर मातीचं, पण जोतं इतक्या नेटक्या घडीव दगडाचं की, सांध्यात नख जाऊ नये. रहीम पन्नाशीचे, कमी बोलणारे. जैतूनबींनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण झाल्यावर रहीमनी माळ्यावरून लाकडी पेटी उतरवली.

मोजणीच्या कामावरच्या एका गोऱ्या साहेबाने जाताना इस्माईलना कॅमेरा दिला होता. त्यांनी तो फक्त कामावर वापरला. विहिरीला हात घालायच्या आधी एक काच, काम पुरं झाल्यावर दुसरी. आणि दर वेळी टोपलं उचलणाऱ्या बाईपासून सगळ्यांना समोर उभं करायचं. मी एकेक काच उजेडासमोर धरत होतो. काळे चेहरे पांढरे आणि पांढरं आभाळ काळं दिसत होतं. पेटीच्या तळाशी हिरव्या फडक्यात गुंडाळलेली एक काच होती. तिला हात लावताच रहीमनी ती काढून घेतली. ही द्यायची नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरच्यांसाठी कागदावर छाप काढून ठेवायला, धान्याच्या खोलीला गोधड्या लावून मी अंधार केला आणि कंदिलाला लाल कापड बांधलं. गावचं पाणी मचूळ निघालं. पहिले कागद डागाळून वाया गेले. मग जैतूनबींनी मळ्यातल्या विहिरीचं गोडं पाणी आणून दिलं आणि छाप सुरेख उतरू लागले. दुपारी रहीम दारात येऊन उभे राहिले. हातात ते हिरवं फडकं.

"हिचा छाप काढा," ते म्हणाले. "काय दिसते ते मले खरं सांगा."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. गावाबाहेरची एक विहीर बांधून झाली आणि त्याच दिवशी ढासळली. गाळ काढायला उतरलेले चौघे आत गाडले गेले. माती सरकली, असं इस्माईल सगळ्यांना सांगत. त्यानंतर त्यांनी थापीही हातात धरली नाही आणि कॅमेराही. ही काच त्या सकाळची. रहीम तेव्हा दुसऱ्या गावी कामावर होते. बापाच्या बोलण्यावर त्यांचा पुरता विश्वास कधी बसला नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

ताटलीतल्या कागदावर हळूहळू विहिरीचा काठ आला, मग ओळीने माणसं आली. त्यांच्या पायांशी लांब वासे रचलेले होते. काळ्या मातीत चुना वाळेपर्यंत बांधकामाला आतून द्यायचे ते आधार. ते बाहेर होते. दगडांच्या सांध्यातला चुना अजून ओला, गडद होता.

 मी वाशांवर बोट ठेवलं. रहीम ताटलीवर वाकले.

"दुसऱ्या विहिरीवर पाह्यजे व्हते वासे," ते म्हणाले. "घाई झाली बापाले."

त्या चौघांतला, उजवीकडून दुसरा उभा असलेला तरणा माणूस त्यांनी मला दाखवला. त्याची बायको कौतिकाबाई गावातच होती. नवऱ्याचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. पूर्वी तिने दोनदा विचारलं होतं आणि रहीमनी दोन्ही वेळा काच फुटली म्हणून सांगितलं होतं. कागद वाळताच ते म्हणाले, चला.

कौतिकाबाई अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे, हात अजून कामाचे. तिने कागद पदराने पुसलेल्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "इतका ल्हान व्हता का हा," असं काहीसं ती स्वतःशीच म्हणाली. मग तिथेच खाली बसली.

रहीम तिच्यासमोर उकिडवे बसले. "वहिनी, खाली वासे पाहा. माती नाही सरकली. माह्या बापानं आधार काढले व्हते."

"मले माहीत हाये."

रहीमनी मान वर केली.

"तिसऱ्या दिवशी तुहा बाप आला व्हता," ती म्हणाली. "तिथं, उंबऱ्याभाईर बसला. समदं सांगितलं त्यानं. मी कोनाजवळ बोलली नाही."

"काऊन?"

"चौघं गेलते, रहीमभाऊ. पाचवा धाडून मले काय भेटलं असतं?"

रहीमनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. बापाने खरं काय ते मरेपर्यंत लपवलं असं मानून ते इतकी वर्षं जगले होते. कौतिकाबाईने त्यांना रडू दिलं. थोड्या वेळाने उठली, तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि फोटो घेऊन घरात गेली.

निघायच्या दिवशी रहीमनी सगळ्या काचा स्वतःच्या हाताने कापसात बसवल्या; शेवटची तीच. संग्रहालयात खाली काय लिहायचं, मी विचारलं. त्यांनी चौघांची नावं सांगितली. "आन् लिहा, आधार इस्माईल मिस्त्रीनं काढले. त्यानं जिथं सांगाचं तिथं सांगितलं व्हतं, हेबी लिहा."

पुण्यात संग्रहालयाच्या गृहस्थांना ती ओळ नको होती. जुन्या कारागिराची बदनामी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ओळ राहणार नसेल तर काच परत नेतो. ओळ राहिली.

माझा धंदा चेहरे दुरुस्त करण्याचा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मी लोकांचे देवीचे व्रण घालवतो, सुरकुत्या पुसतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्या काचेत वाशांच्या ढिगावर एक ओरखडा होता, दोन मिनिटांत भरून निघाला असता. काच संग्रहालयाला देण्याआधी मी पेन्सिल उचलली होती. मग खाली ठेवली.