आम्ही नुसते बघायला आलोय

जन्मभर मी पर्यटक बघत आलो. फर्दापूरला लेण्यांच्या रस्त्यावर माझं दगडांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर चादर, आणि चादरीवर खाणीत सापडणारे चमकदार दगड, पांढरे, हिरवट, गुलाबी. कोण विकत घेणार आणि कोण नुसता हाताळून ठेवणार, हे मला माणूस गाडीतून उतरतानाच कळतं. पण एक दिवस आपणच पर्यटक होऊ, आणि तेही पोटच्या पोरीसाठी, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पोरगी भूशास्त्र शिकली. संभाजीनगरच्या बाहेर दगडांवर संशोधन करणारी एक मोठी संस्था आहे. लांबलांबचे शास्त्रज्ञ तिथं येतात. तिथं पीएचडीला घेण्यासाठी तिची मुलाखत होती, आणि वयाच्या अटीत बसायची ही शेवटचीच वेळ. यंदा नाही तर मग नाहीच, हे घरात इतक्यांदा बोलून झालं होतं की आता कुणी ते बोलत नव्हतं, आणि त्यानं जास्तच धास्ती वाटायची.

तिला एकटीला जायचं होतं. आधीच्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका गावी तिच्याबरोबर गेलो होतो. तिथं आत मुलाखत चालू असताना माझ्या बायकोनं दार ढकललं, मान आत घातली आणि साहेब लोकांना विचारलं, "पोरींच्या होस्टेलला जेवण बरं मिळतं का हो?" साहेब लोक हसले. पोरीला घेतलं नाही. त्या दाराचा आणि न घेण्याचा संबंध असेल-नसेल, पण परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली, ते घर येईपर्यंत.

तरी आमचा जीव राहीना. त्याच दिवशी ही संस्था लोकांना आतून दाखवणार आहेत, हे मी शोधून काढलं. म्हटलं, "आम्ही पर्यटक म्हणून येतो. तू कोण, आम्ही कोण."

पोरगी म्हणाली, "काहीही झालं तरी ओळख दाखवायची नाही, पप्पा. मम्मीनं तर नाहीच नाही."

मी हो म्हटलं. मनात मात्र खुट्ट झालं. ती आईनं ढकललेल्या त्या दारामुळं म्हणतेय, की तिला आमची लाज वाटायला लागलीय? टेबलावर दगड मांडून बसणारा बाप तिला त्या साहेबांच्या नजरेला पडू द्यायचा नाही, असं तर नसेल? विचारायची हिंमत झाली नाही.

सकाळी फाटकाजवळच्या नळावर तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले, आणि ठरल्याप्रमाणं आमच्याकडं न बघता आत गेली. आम्ही थोडं थांबून पर्यटकांच्या रांगेत लागलो. सगळ्यांचे मोबाईल फाटकावर जमा करून घेतले. संभाजीनगरच्याच छावणी भागातलं एक म्हातारं जोडपं, काही शिक्षक मंडळी आणि आम्ही दोघं, असा आमचा जथा निघाला.

दाखवणारे गृहस्थ हौशी होते. दगड कापायचं यंत्र दाखवलं. दगड घासून घासून इतका पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जातो. मग काचेची कपाटं आली, खालून दिवे सोडलेली. बघतो तर काय, माझंच दुकान! तेच हिरवे, तेच गुलाबी. मी ज्यांना पेपरात गुंडाळून देतो, त्यांना इथं गादी होती.

"अहो, ह्ये तर आपल्या..." बायकोनं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"लई छान हाय, असं म्हणत होते," ती म्हणाली आणि माझ्याकडं असं बघितलं की घरी गेल्यावर माझी काही खैर नव्हती.

छावणीच्या आजोबांनी विचारलं, हे बाजारात केवढ्याला मिळतं? भाव माझ्या ओठांवर आला होता. गिळला.

पुढच्या जिन्यावर बायकोनं घाम पुसायला पिशवीतून रुमाल काढला आणि जागच्या जागी थिजली. रुमालाबरोबर चष्मा आला होता. पोरीचा. तोंड धुताना तिनं आईच्या हातात दिला होता, आणि आईनं सवयीनं पिशवीत टाकला होता. आत गेल्यावर तिच्या ध्यानात आलं असेल, पण ओळख दाखवायची नाही म्हटल्यावर परत येऊन मागणार कशी?

"तिला हाताभरावरचं दिसत नाय हो," बायको म्हणाली.

मला माहीत होतं. चष्म्याशिवाय ती घरातसुद्धा भिंत चाचपत चालते. मोबाईल फाटकावर. ती आत कुठं आहे ते ठाऊक नाही. आणि विचारायचं तर काय सांगून विचारायचं? दाखवणारे गृहस्थ भूकंपाबद्दल काही सांगत होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

जिना संपला आणि समोरच्या लांब व्हरांड्यात बाकावर पोरगी दिसली. डोळे बारीक करून हातातले कागद नाकाशी धरून बसली होती. तेवढ्यात दार उघडलं, एक मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी तिचं नाव पुकारलं. पोरगी उठली.

बायकोनं माझा दंड धरला. मी चष्मा घेतला, रांग सोडली आणि सरळ चालत गेलो. आपण दारात जाऊ नये म्हणून ज्या पोरीनं वचन घेतलं, तिच्याच दारात मी निघालो होतो. हात घामानं ओले.

"मॅडम," मी पोरीला म्हणालो, "हा चष्मा तुमचा का? तिकडं नळाजवळ पडला होता."

तिनं मान वर केली. चष्मा नसल्यामुळं मी तिला धड दिसतही नसेन, पण आवाज ओळखला. मॅडम दार धरून दोघांकडं बघत होत्या.

"थँक्यू, काका," पोरगी म्हणाली. चष्मा घातला आणि आत गेली.

ठरलं तसंच तर झालं होतं. तरी तो 'काका' माझ्या काळजात घुसला. मी रांगेत परत आलो तेव्हा बायको म्हणाली, "काका?" एवढंच.

फेरी संपल्यावर आम्हाला कँटीनमध्ये चहा दिला. बायकोनं कपाला हात लावला नाही. मी प्यायलो, पण चव लागली नाही. छावणीचे आजी-आजोबा शेजारी बसून गप्पा मारत होते. आम्ही दोघं मयताला आल्यासारखे बसलेलो.

आणि त्याच मॅडम कँटीनमध्ये आल्या. इकडंतिकडं बघितलं, सरळ आमच्या टेबलापाशी येऊन थांबल्या.

"तुम्ही फर्दापूरचे ना?"

आता एक सांगतो. रस्त्यावर धंदा करणाऱ्याला साहेबानं येऊन गाव विचारलं, की त्यात चांगलं काही नसतं. तेव्हा एक तर दुकान उचलायचं, नाही तर नाही म्हणायचं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाय मॅडम. आम्ही छावणीतले. आम्ही नुसते बघायला आलोय."

छावणीच्या आजोबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"पण मघाशी तुम्ही चष्मा दिलात ती मुलगी..."

"कोण मुलगी? नळापाशी सापडला, दिला. आम्ही नाय ओळखत."

मॅडमचा चेहरा बदलला. "अस्सं," त्या म्हणाल्या. "आम्ही तिला विचारलं, ते गृहस्थ कोण. ती म्हणाली, माझे वडील. फर्दापूरला त्यांचं दगडांचं दुकान आहे, मी तिथंच दगड ओळखायला शिकले."

आणि त्या वळल्या. चालायलाही लागल्या.

पोरीनं आत खरं सांगितलं होतं आणि मी बाहेर बसून तिला खोटं पाडलं होतं. शेवटची संधी, आणि ती मी, तिच्या बापानं, चहा पिता पिता घालवली. हाक मारायची होती, पण आवाज म्हणून निघेना.

खुर्ची पाडून बायको उठली.

"मॅडम! थांबा वो!" अख्खं कँटीन बघायला लागलं. "पोरगी आमचीच हाय. फर्दापूरचेच हाव आम्ही. ह्ये खोटं बोलले, ती नाय बोलली. वळख दाखवू नका म्हणून सांगितलं होतं तिनं, म्हणून ह्यांनी आसं केलं. तिला काय बोलू नका. काय बोलायचं ते आम्हाला बोला."

मॅडम परत आल्या. पडलेली खुर्ची त्यांनी स्वतः उचलली आणि तिच्यावरच बसल्या.

"ओळख दाखवू नका, हे पण सांगितलं तिनं," त्या म्हणाल्या. "होस्टेलच्या जेवणाचं पण. म्हणून म्हटलं, तुम्हाला बघून यावं. आमच्याकडं जेवण बरं असतं, ताई."

बायको मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही रडलो. लाज वाटली नाही.

निकाल पुढं आला आणि चांगला आला, म्हणून हे सांगायला मला तोंड आहे. पण त्या दिवशी फाटकाबाहेर आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं. पोरगी आली ती माझ्यावर डाफरतच.

"पप्पा, चष्मा पुसून तरी द्यायचा ना! सगळा अंगठा उमटला होता काचेवर. समोरचे सगळे मला तुमच्या अंगठ्यातून दिसत होते."

"मग पुसायचा ना बाई," मी म्हणालो.

उन्हात मी तिच्याकडं नीट बघितलं. काचेवर अंगठा अजून तसाच होता.