कोळंबीचं कालवण आणि एकवीस किलोमीटर

मी धावपटू नाही, हे मी केव्हाही लेखी द्यायला तयार आहे. वय त्रेपन्न, नोकरी डहाणूला सरकारी कचेरीत कारकुनाची, आणि धावण्याचा अनुभव म्हणाल तर सुटणाऱ्या एसटीमागे, तोही कंडक्टरने दया येऊन घंटी मारल्यामुळे अर्धवट राहिलेला. तरीही मागच्या जानेवारीत मी मुंबईच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये छातीवर नंबर लावून उभा होतो.

त्याचं असं झालं. आमच्या कचेरीचा एक रिवाज आहे. साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की आधी अंगठा पाठवायचा, मग (वेळ मिळाला तर) वाचायचा. आमचे साहेब नवे, तरुण आणि पहाटे उठून पळणारे. त्यांनी एका रविवारी दुपारी ग्रुपवर टाकलं, "अर्धी मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर. माझ्यासोबत कोण येणार?" मी जेवून लवंडलो होतो. सवयीने अंगठा गेला. बाकीच्या सगळ्यांनी नेमका त्याच दिवशी मेसेज आधी वाचला होता! सोमवारी साहेबांनी माझा हात हातात घेतला.

"तामोरे, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मलाही नव्हती, सर," मी म्हणालो. साहेब खूप हसले आणि त्याच दिवशी त्यांनी माझा फॉर्म स्वतः भरून टाकला.

मग सराव सुरू झाला. डहाणूत त्रेपन्न वर्षांच्या माणसाने पळायचं म्हणजे काय, ते पळाल्याशिवाय कळत नाही. समुद्राकाठच्या रस्त्याने निघालो की दर दोन मिनिटांनी एक स्कूटर बाजूला थांबायची. "काय साहेब, गाडी बंद पडली? बसा मागे, सोडतो!" एकदा तर तलासरीचा एक गृहस्थ धोतर सावरत माझ्याबरोबर अर्धा किलोमीटर पळाला आणि पळता पळता त्याच्या दाखल्याचं काय झालं ते विचारत राहिला. तो थकला नाही. मी थकलो, थांबलो आणि त्याला मंगळवारी यायला सांगितलं.

तीन महिन्यांत माझं वजन दीड किलोने उतरलं आणि गुडघे दहा वर्षांनी म्हातारे झाले. शर्यतीच्या आठवडाभर आधी साहेबांचा पाय मुरगळला. "आता कचेरीची इज्जत तुमच्या हातात," ते म्हणाले. (हातात कुठली, पायात! पण साहेबांना कोण सुधारणार?) लगेच सोमवारचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, कचेरीच्या आवारात खुर्च्या. आमचे शेजारी भानुभाई यांचं छपाईचं दुकान. त्यांनी हौसेने बॅनर छापूनही टाकला: माझा पासपोर्ट फोटो खांबाएवढा मोठा करून खाली 'मॅरेथॉनवीर'.

"अहो भानुभाई, आधी पळू तर द्या!"

"तमे चिंता नको करू. बॅनर एकदम फर्स्ट क्लास आला ने! आता तू फक्त मेडल घेऊन ये."

नियम साधा होता. सकाळी नऊला शेवटची रेषा बंद. त्याआधी पोचेल त्याला मेडल, त्यानंतर पोचेल त्याला पाण्याची बाटली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते मेडल हवं होतं. तीस वर्षं नोकरी केली, पण माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही. एकदा वाजल्या होत्या, पण त्या माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या बदलीसाठी होत्या. मेडलशिवाय त्या बॅनरखालून कचेरीत कसं जायचं, या विचाराने मला रात्री झोप लागत नव्हती.

आदल्या दिवशी मी आणि बायको मंदा, मेव्हण्याच्या चिकूच्या टेम्पोतून माहीमला तिच्या बहिणीकडे पोचलो. मंदाचं माहेर किनाऱ्यावरच्या झाई गावचं, घरची मासेमारीची बोट. त्यामुळे मुंबईला जायचं तर नातेवाइकांसाठी सुके बोंबील न्यायचेच. बहिणीचे बोंबील बहिणीला पोचले. वरळीच्या मावशीचे राहिले.

"संध्याकाळी देऊन येऊ या का?" मी विचारलं.

"उगाच खेप कशाला?" मंदा म्हणाली. "उद्या तुम्ही मावशीच्या दारावरूनच तर पळणार आहात!"

"अगं, शर्यत आहे ती!"

"मग? उभ्या उभ्या डबा द्यायचा नि पुढे व्हायचं. आणि डबा परत आणा. लग्नातला आहे, माझं नाव कोरलंय त्याच्यावर."

मी वाद घातला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत.

तर अशा रीतीने पहाटे सव्वापाचला, हजारो माणसांच्या मध्ये, मी काखेत स्टीलचा डबा धरून पळायला लागलो. आजूबाजूच्या लोकांच्या मनगटावर घड्याळं होती, कमरेला छोट्या बाटल्या होत्या, कानात गाणी होती. माझ्या काखेत बोंबील होते आणि प्रत्येक पावलागणिक ते आतून खडखड वाजत होते. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच माझ्या आसपास बऱ्यापैकी मोकळी जागा तयार झाली.

खरं सांगतो, तोपर्यंत माझं छान चाललं होतं. सहा चाळीसला मी वरळीला मावशीच्या कोपऱ्यावर पोचलो. या वेगाने मी साडेआठच्या आतच मेडल घेऊन उभा राहिलो असतो. मावशी रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसली होती. शेजारच्या चार बायकाही होत्या.

"आले गं, आले माझे जावई!"

मी धावता धावता डबा पुढे केला. मावशीने डबा सोडून माझा हात पकडला. पंचाहत्तर वर्षांची बाई, पण जन्मभर जाळी ओढलेला हात तो.

"आलात काय नि चाललात काय? दारावरून जावई उपाशी गेला तर लोक काय म्हणतील मला?"

"मावशी, शर्यत आहे! नऊला बंद होते!"

"आता कुठं सात वाजायला आलेत. चहा घ्या. डबा काय रिकामा देऊ मी? कालवण टाकलंय कोळंबीचं, एक उकळी यायचीय फक्त."

रिकामा डबा परत पाठवायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही ते बरोबर वाटतं. पण मुंबईतली मॅरेथॉन चालू असताना ते पाळणारी माणसं जगात बहुधा आम्हीच! मी आत जाऊन बसलो. चहा आला. बोंबील निघाले, त्यांचं कौतुक झालं. डबा घासला, पुसला, पुन्हा पुसला. दारातून हजारो माणसं पळताना दिसत होती. त्यात एक आजोबा होते, एक नऊवारी साडीतल्या आजी होत्या, आणि एक जण तर उलटा पळत होता. सगळे माझ्या पुढे गेले.

"उकळी आली का, मावशी?"

"येतेय. घाईची कोळंबी वातड होते."

सात दहाला मी बाहेर पडलो. डबा तळापासून गळ्यापर्यंत लालभडक कालवणाने भरलेला, झाकण सैल, आणि कमरेला रुमालात बांधलेल्या तांदळाच्या पाच भाकऱ्या. मावशी मागून ओरडली, "सांभाळून हो! हिंदकळू देऊ नका!"

आता हिंदकळू न देता पळायचं कसं, हे साहेबांच्या एकाही व्हिडिओत नव्हतं. मी डबा दोन्ही हातांत छातीपुढे धरला, गुडघे वाकवले आणि घसरत चालल्यासारखा पुढे सरकू लागलो. लोक फोटो काढायला लागले. एका मुलीने विचारलं, "अंकल, हे कुठल्या संस्थेसाठी?" मी म्हणालो, "बायकोसाठी." तिने डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि कुणाला तरी फोनवर सांगितलं. कोळीवाड्यातून निघालेली तीन मांजरं एव्हाना माझ्या पाठीमागे लागली होती. माझ्यामागे कुणीतरी असण्याची शर्यतीतली ती पहिलीच वेळ होती.

मांजरं हाजीअलीच्या अलीकडेच परत फिरली. मी नाही. आणि मग पेडर रोडचा चढ आला. चढावर माणूस पुढे झुकतो. मी झुकलो, म्हणून डबाही झुकला, म्हणून झाकण उघडलं आणि पाव डबा गरम कालवण माझ्या उजव्या गुडघ्यापासून बुटापर्यंत ओघळलं. मी "आई गं!" म्हणून फूटपाथवर टेकलो. फक्त झाकण नीट लावायला टेकलो होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. हिशेब तंग होता, पण मेडल अजून हातचं गेलं नव्हतं.

तेवढ्यात पांढऱ्या टोप्या घातलेले चार स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत आले.

"ब्लीडिंग! हेवी ब्लीडिंग! काका, हलू नका!"

"अहो, काही झालेलं नाही. कालवण आहे ते."

"काय म्हणाले?"

"कालवण म्हणतायत."

"डोक्याला लागलंय बहुतेक. काका, तुमचं नाव सांगा. आज वार कोणता?"

"तामोरे. रविवार. आणि कोळंबीचं कालवण!"

"बरळतायत," त्यांच्यातला मोठा हळूच म्हणाला. त्यांनी मला आडवं केलं, पाय वर केले, दंडाला पट्टा बांधून ब्लड प्रेशर मोजलं. (ते वाढलेलं निघालं. मोजेपर्यंत नसावं.) शेवटी एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गुडघा पुसला, बोट नाकाशी नेलं आणि शांतपणे विचारलं, "चिंच घातलीय की कोकम?"

"कोकम," मी म्हणालो.

"जखम नाही," त्यांनी जाहीर केलं. "पण प्रेशर एवढं वाढलेलं असताना यांना मी पळू देणार नाही. बसमध्ये बसवा."

मी हात जोडले. मेडलचं सांगितलं, सत्काराचं सांगितलं, खांबावरच्या फोटोचं सांगितलं. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी पेन काढून माझ्या छातीवरच्या नंबरावर एक तिरकी रेघ मारली. मला खरोखर रडू आलं. तीन महिने पहाटे उठलो होतो मी!

मागे पडलेल्यांना गोळा करत येणारी ती बस. आत वीस-बावीस माणसं माना टाकून बसली होती. कुणाच्या पोटऱ्यांत गोळे, कुणाच्या टाचांना फोड. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. पाच मिनिटांनी मागच्या सीटवरून खोल गेलेला आवाज आला, "हा वास कसला?" मी डबा उघडला आणि रुमाल सोडला. पाच भाकऱ्यांचे वीस तुकडे झाले. ड्रायव्हरनेही सिग्नलला हात मागे केला. डबा इतका निपटून पुसला गेला की मावशीलाही तो पुन्हा घासावा लागला नसता. बस नऊ वीसला शेवटच्या रेषेजवळ पोचली तेव्हा कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती.

मंदा तिथे उभी होती.

"पोचलात?"

"बसने."

"बरं झालं. फार दमला नसाल मग."

सोमवारी सकाळी सत्कार थांबवण्यासाठी मी आधी भानुभाईंना गाठलं. "बॅनर लागला ने! आता कुठे काढू?" एवढंच त्यांचं उत्तर. साहेबांच्या केबिनमध्ये माणसं होती. अकरा वाजता मला खुर्चीवर बसवून खांद्यावर शाल टाकली आणि हातात माईक दिला. पुढच्या रांगेत मंदा बसली होती. मी ठरवलं, सरळ सांगून मोकळं व्हायचं.

"मी शर्यत पूर्ण केलेली नाही," मी म्हणालो.

टाळ्या.

"नाही, म्हणजे खरंच नाही केली. मला मेडल मिळालेलं नाही. मी शेवटचे सहा किलोमीटर बसने आलो."

आणखी टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली. साहेबांनी लंगडत येऊन माझ्या हातातला माईक घेतला. "पाहिलंत? एवढं करूनही केवढा हा विनय! मेडलसुद्धा मिरवायला आणलं नाही या माणसाने!"

सगळे उठून उभे राहिले. तीस वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा वाजलेल्या त्या टाळ्या, आणि मी त्या कडकडाटात "बस, बस" म्हणत होतो. लोकांना वाटलं, टाळ्या पुरे म्हणतोय. एकट्या मंदाने तोंडाला पदर लावला होता.

त्यानंतर मी सांगायचं सोडलेलं नाही. जवळच्या कासा गावातल्या एका शाळेने क्रीडादिनाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा मुख्याध्यापकांना मी फोनवर सगळं सांगितलं: मावशी, कालवण, ब्लड प्रेशर, बस. ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तामोरेसाहेब, खरी मोठी माणसं अशीच बोलतात. गाडी पाठवू का, की पळत येणार?"

मी गाडी पाठवा म्हणालो. तेवढं मात्र त्यांनी पहिल्या फटक्यात खरं मानलं.