चुडाव्याचं कडवं बंदरावर

गेल्या रविवारी कोकणातल्या एका छोट्या बंदरावर माझा थोरला भाऊ भर कार्यक्रमात उठून उभा राहिला… आणि बराच वेळ बसलाच नाही.

भाऊ म्हणजे माधवदादा. चुडावा या आमच्या गावातल्या गायन पार्टीचा ढोलकीवाला आणि गाणी रचणारा. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याची गाणी ऐकायला शेजारच्या गावांतून लोक यायचे.

त्याचा मुलगा सुमेध पुण्यात गिटार वाजवतो, ब्लूज गातो. पार्टी सोडून तो त्या गाण्यामागे गेला, तेव्हापासून बापलेकांत कामापुरतंच बोलणं. या उन्हाळ्यात बंदरावरच्या ब्लूज फेस्टिव्हलमध्ये त्याला गायला बोलावलं होतं. त्यानं फोन मला केला… "आत्या, बाबांना घेऊन ये. यावेळी आले नाहीत तर मी पुन्हा बोलावणार नाही."

मी बोलून बोलून दादाला गाडीत बसवलं. बोलणं हेच माझं काम, गावोगाव सभा गाजवते मी. रस्ताभर त्याला सांगत राहिले, हे गाणं अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं आहे. गुलामीतून सुटले तरी दुसऱ्याच्याच रानात कापूस वेचत राहिले, त्यांच्या गळ्यातून ते आलंय. आपली आई सेलूकडच्या रानांत कापूसच वेचत होती ना…

"हळू बोल," दादा म्हणाला. "डब्यातले लोक मधल्याच टेसनला उतरतेन."

मग खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं, "त्या गाण्यात बनवणाऱ्याचं नाव येतं का?"

मी म्हटलं, कधी येतं, कधी नाही.

"नाव न्हाई ते गाणं बेवारस."

हा त्याचा जुना हट्ट, आणि तो मला पटतो. आमच्या पार्टीत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव आणि गाव येतंच. तो माणूस समोर असेल तर हात जोडून उभा राहतो, कडवं संपेपर्यंत. ज्या माणसांना गाव धड नावानं हाक मारत नव्हतं, त्यांनी घालून घेतलेली ही रीत आहे. मी हे व्यासपीठावरून किती वेळा सांगितलंय…

बंदर अगदी लहान. धक्क्याला बांधलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, त्यांच्या पलीकडे स्टेज. उन्हं कलत होती. लोक खुर्च्यांवर गप्प बसून ऐकत होते. दादाला ती शांतताही खटकली. "मयतीला आल्यावानी बसलेत," तो म्हणाला. मग दमट हवेवर घसरला… या हवेत ढोलकीचं चामडं बोलायचंच नाही म्हणे.

सुमेध आला. इंग्रजीत गायला लागला. ओळ एकदा, तीच पुन्हा, मग तिचं उत्तर. दादा हाताची घडी घालून बसलेला. एक गाणं झालं, दुसरं झालं… घडी काही सुटेना. मला वाटलं, आपली सगळी खटपट वाया गेली.

शेवटच्या गाण्यात सुमेधनं गिटार हळू केली आणि त्याच चालीवर मराठीत आला.

मायनं वेचल्या कापसाला मायचं नाव न्हाई…
मायनं वेचल्या कापसाला मायचं नाव न्हाई…
चुडाव्याचा माधव म्हणे, गाणं विसरत न्हाई…

दादाचंच कडवं. आमच्याकडे ते ढोलकीवर धावतं. इथं ते ओझं घेऊन चालल्यासारखं येत होतं…

दादा उठला. हात जोडून उभा राहिला.

मागून आवाज आला, "ओ काका, बसा ना, दिसत नाहीये." कार्यकर्ती मुलगी वाकून म्हणाली, "काका, प्लीज बसून घ्या." मी सभेचा आवाज लावून मागे वळले. या माणसाचं गाणं आहे हे, असं काहीतरी सुनावणारच होते…

"गप," दादा न वळता म्हणाला. "कडवं चालूय."

सुमेधनं त्याला उभं पाहिलं होतं. त्यानं कडवं संपवलंच नाही. फिरून फिरून तीच ओळ, तेच नाव. बाप बसत नाही आणि लेक थांबत नाही. दादाचे गुडघे कामातून गेलेत, तरी तो हलला नाही. मागची कुरकुरही हळूहळू थांबली.

अखेर दादानं जोडलेले हात सोडले आणि उजव्या हातानं मांडीवर थाप दिली… पार्टीत गाणं उतरवायची खूण. सुमेध बरोबर त्या थापेवर थांबला.

नंतर धक्क्यावर आम्ही तिघं चहा प्यायलो. दादा म्हणाला, "चाल लय संथ धरली रे." सुमेध मान खाली घालून हसला. "पण नाव जाग्यावर घेतलंस… जयंतीला ये. ही चाल पोरांना दाखव."

मी खरं तर तिथं गप्प राहायला हवं होतं. पण जे दिसलं ते बोलल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, "दादा, मायचं नाव न्हाई म्हणतोस… ते तुझ्याही कडव्यात न्हाई. तिथं तुझंच हाय."

दादानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि उठला.

परतीच्या प्रवासात दादा बोटांनी खिडकीच्या गजावर ताल धरून बसला होता. मी एकदाही भाषण केलं नाही. चुडाव्याला उतरताना त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "सुमेधला फोन लाव. शेवटची ओळ बदलली म्हणावं. माधव काढला, माय बसवली."

जन्मभर मी हक्कांबद्दल बोलत आले, आणि आईचं नाव एकाही सभेत घेतलं नव्हतं. ते आता गाण्यात येईल… इथंही लिहून ठेवते.

आमच्या आईचं नाव गयाबाई. गाव चुडावा.