विखारच्या झग्याचे पट्टे

दुपारचं जेवण उरकून वेणूताई आरामखुर्चीत टेकतात. डोळा लागतो न लागतो तोच ओवीचा सकाळचा प्रश्न पुन्हा कानाशी येतो. शिकवणीची मुलं त्यांच्या धाकट्या भावानं, मुकुंदानं, काढलेली चित्रकथा वाचत होती. त्यातला दुष्ट राजा विखार राखी झगा घालतो आणि झग्याच्या खालच्या काठाला दोन गडद पट्टे असतात. ते कशाला, असं ओवीनं विचारलं. कोणी म्हणालं, त्यानं जिंकलेली राज्यं. एरवी कुठल्याही प्रश्नाला न कंटाळणाऱ्या वेणूताईंनी पुढचं पान उलटलं.

आईमागं मुकुंदाला त्यांनीच वाढवलं. शाळेची खाकी चड्डी मुद्दाम लांब कापडाची शिवायची, आणि पोर वाढलं की खालची दुमड उसवून सोडायची. वरचं कापड विटलेलं, सोडलेलं कोरं. दर जूनला एक गडद पट्टी वाढायची.

मुकुंद जाऊन वर्ष झालं. आता तो समोरच्या पाटावर बसून चित्रात शाई भरतो आहे.

"मुकुंदा, ते पट्टे माझेच ना रे?"

"तुझेच. एवढी बारीक हातशिलाई दुसऱ्या कोणाची?"

पायाखालची फरशी गार होते. हा तर शाळेचा व्हरांडा. मुकुंदाचे केस पिकलेले आहेत आणि अंगात तीच चड्डी आहे. खांबाआडून पोरं ओरडतात, "पट्टेवाला आला रे, घंटा दे!" वेणूताई त्यांना दटावायला जातात, पण पोरं पांगलेली असतात.

घरी का नाही सांगितलंस, असं त्या विचारतात. तो म्हणतो, शाळा उघडायच्या दिवशी तू मला गोल फिरवून बघायचीस, कापड वाया गेलं नाही म्हणून सगळ्या आळीला दाखवायचीस. तुझ्या त्या आनंदावर पाणी कसं ओतायचं?

वेणूताईंना खाली बघवत नाही. मनात अडकलेलं शेवटी बाहेर पडतं.

"म्हणून माझी शिलाई त्या दुष्टाच्या अंगावर चढवलीस?"

"नायकाची थट्टा होते गं, ताई. विखारला हसायची कोणाची छाती नाही. म्हणून त्याला दिली."

त्याच्या बोलण्यात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, असं वेणूताईंना वाटतं. पोराला हसू थांबवायला दुष्ट राजा लागला, आणि बहीण तर घरातच होती.

"एक नवी शिवायला हवी होती रे."

तो लहान लहान होत जातो आणि शाईच्या मुठीत त्यांचं बोट धरतो. शाळेचं फाटक येतं. इथं त्या रोज बोट सोडवून घेत आणि 'जा आता' म्हणत. आज त्या बोट सोडवत नाहीत.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवर चढलेलं असतं. उजव्या तर्जनीभोवती काळी शाई आहे, चार इवल्या बोटांची, अजून ओली. मोरी दोन पावलांवर आहे. वेणूताई उठत नाहीत.