खिडकीखालचं गवत आणि कुंती

कुंती आणि ते तुऱ्यांचं गवत, दोन्ही मी एकाच दिवशी लावली. एकाच मातीत, एकाच खिडकीखाली, मध्ये हातभर अंतर ठेवून. दोघांत फरक काय ते मला आता कुणी सांगायला नको.

कुंती सरळ स्वभावाची. वाढली की छातीपर्यंत येते. पानं बारीक, जाड, चकचकीत, बारा महिने हिरवीगार. पाऊस पडून गेला की पांढरी फुलं येतात, वास पार जिन्यापर्यंत जातो, आणि दुसऱ्या दिवशी फुलं खाली पडलेली. ऊन कमी मिळालं तरी तक्रार नाही. कात्री लावाल तसा आकार घेते. एकच त्रास, आमच्या मुलुंडला समोरच टॉवरचं काम चालू आहे, त्याची धूळ पानांवर बसते. फडकं घेऊन पुसावी लागतात.

गवताचं तसं नाही. नर्सरीवाले त्याला फाउंटन म्हणतात. लांब बारीक पाती, कारंज्यासारखी चारी बाजूंना वाकलेली, आणि त्यातून तांबूस तुरे, खारीच्या शेपटीसारखे. पाणी थोडं पितं, खत मागत नाही, ऊन मात्र पाहिजे. आणि स्वस्थ बसत नाही. आपल्याला वारा लागायच्या आधी त्याला लागलेला असतो. थंडी संपली की पिवळं पडतं, वाळतं, आणि मग ते बुडापासून कापायचं असतं, चार बोटं ठेवून. नाही कापलं तर मधून कुजत जातं आणि शेवटी सगळंच मरतं.

ते कापणं माझ्याच्यानं होईना. बाकी सगळं त्याच्यापायी झालं.

बायको गेली ती भर उन्हाळ्यात. आमच्या घराण्यात राख नदीत सोडत नाहीत. गावाला असतो तर शेताच्या बांधाला खड्डा काढून राख घातली असती आणि वर आंबा लावला असता. माझ्या आईबापाचे असे आंबे आहेत. इथे बांध कुठला? तळमजल्याची खोली, मागच्या खिडकीखाली मातीची पट्टी, माणूस आडवा झोपेल एवढी, की लगेच कंपाउंडची भिंत. आंबा लावला तर भिंत फोडणार आणि गटाराची लाइनही. म्हणून आमच्या बौद्धांचा जलदानाचा विधी आटोपल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, झुडूप लावू या. कायम हिरवं राहील असं. आईचं आहे म्हणून बघायला बरं वाटेल."

मुलगी मानखुर्दला असते. ती मुद्दाम आली आणि आम्ही दोघं नर्सरीत गेलो. तिनं कुंती पसंत केली. नर्सरीवाली बाई म्हणाली, "ही हळू वाढते हां काका. दोन वर्षं बाजूची जागा बोडकी दिसेल. काहीतरी जोडीला लावा." मी इकडे तिकडे बघितलं. कडक ऊन, सगळ्या कुंड्या मेल्यासारख्या उभ्या, आणि कोपऱ्यात एकटं ते गवत हलत होतं. मी म्हटलं, "ते द्या."

"गवत?" मुलगी हसली. विधीनंतर पहिल्यांदाच हसली असेल. "पप्पा, आईनं जन्मभर गवत उपटलं, आणि तुम्ही ते पैसे देऊन घेताय? आई असती तर नर्सरीतच तुमची खरडपट्टी काढली असती."

खरं होतं. लहानपणी बायको तिच्या आईबरोबर लोकांच्या रानात खुरपायला जायची. शाळेच्या वयात हातात खुरपं. कुठे गवत दिसलं की तिचा हात आपोआप जायचा. बागेत फिरायला नेली तरी बाकावर बसल्या बसल्या पायाजवळचं उपटायची. मी ओरडायचो, "अगं, ते लावलेलं आहे, मुद्दाम!" ती म्हणायची, "लावणाऱ्याला कामधंदा नाही."

तरी गवत आणलं. खड्डा कुंतीसाठी काढला, राख त्यात घातली, वर कुंती लावली. गवत बाजूला, नुसत्या मातीत. हे मी स्वतःच्या हातानं केलंय, त्यात चूक होणं शक्य नाही.

पहिला पावसाळा सरला, गवत भरलं, तुरे आले. तुरे खिडकीच्या जाळीपर्यंत पोचले. आणि एका दुपारी मी आत आडवा झालो होतो तेव्हा मला सुपाचा आवाज आला.

तांदूळ पाखडताना सूप कसं वाजतं ते ज्यानं ऐकलंय त्याला ठाऊक आहे. आधी घासल्यासारखं, मग झटका, मग तांदूळ सुपात परत पडतात ते. बायको त्याच खिडकीखाली, आतल्या बाजूनं, भिंतीला टेकून बसायची, दुपारची, बिल्डिंग शांत झाली की. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये माझी उमर गेली, लेथच्या लोखंडी किसानं छाती कायमची बिघडली, कोंड्याची धूळ मला सहन होत नाही. त्यामुळे रोज तेच भांडण. मी झोपेतच बोललो, "बाहेर जाऊन पाखड की गं."

आणि आवाज थांबला.

उठून बघितलं. जाळीला तुरे टेकलेले. एकही पातं हलत नव्हतं.

मग ते नेहमीचं झालं. तुरे जाळीवर घासतात म्हणून आवाज येतो, हे मला कळत होतं. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला घासण्याचा आवाज कळत नाही असं नाही. पण दुपार झाली की मी कान देऊन पडायचो. आला नाही तर चिडायचो. आला की काहीतरी बोलायचो. डाळ लागली, पाणी आज कमी आलं, वरच्यांनी पुन्हा टाइल्स फोडायला घेतल्या. आणि कुंतीकडे माझं बघणं होत नव्हतं. तिच्या राखेवर उभी, आणि काही झालंच नाही असा चेहरा. बायको गेल्यावर माझं अर्धं वजन उतरलं. कुंतीचं एक पान पिवळं पडलं नाही. धूळ पुसतानासुद्धा मी जोरात पुसायचो.

दुसऱ्या मजल्यावर माझा दोस्त राहतो, मालवणकडचा, एकेकाळचा गिरणी कामगार. गवत लावलं तेव्हा म्हणाला होता, "काय रे, गोरवां पाळतलंस की काय?" म्हणजे गुरं. पहिल्या वर्षी गवत वाळलं आणि मी कापलं नाही, तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी मधोमध टक्कल पडलं, काळं, ओलसर. तेव्हा तो खिडकीशी येऊन उभा राहिला.

"कापत का नाहीस रे?"

मी सुपाचं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

तो हसला नाही, तेच वाईट झालं. हसला असता तर बरं होतं. गवताकडे बघत हळूच म्हणाला, "मग ती आसा त्यात. नारळ ठेव."

"आमच्यात आत्मा मानत नाहीत."

"तुमच्यात मानत नाहीत, पण तिका म्हायती आसा काय?"

"अरे येड्या, राख कुंतीखाली आहे! गवताखाली काही नाही. आणि ती गवतात कशाला येईल? तिला गवताचा राग होता."

"मग कुंतीत का नाय इली?"

तो गेला. त्या दुपारी सूप वाजलं आणि मी पहिल्यांदा घाबरलो. तोवर सोबत वाटत होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिलो. काहीच बोललो नाही. बोललो असतो आणि पुन्हा आवाज थांबला असता, तर मग ती आहे हे खरं झालं असतं. आणि थांबला नसता तर नाही हे खरं झालं असतं. मला दोन्ही नको होतं.

पुढच्या रविवारी मुलगी आली होती. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. सूप वाजलं आणि सवयीनं मी पुन्हा बोलायला लागलो. मला वाटलं तिला ऐकू जात नाही.

"पप्पा, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही."

"मी ऐकलं. मागच्या वेळीही ऐकलं होतं." पिठाच्या हातानं ती खिडकीपर्यंत आली. गवताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काढून टाका. मी उपटते आत्ता."

"हात लावू नकोस!"

मी मुलीवर कधी असा ओरडलो नव्हतो. ती भिंतीला टेकून खाली बसली, बरोबर तिच्या आईच्या जागेवर, आणि रडायला लागली. "आई गेली ती गेली. तुम्ही पण जाताय का आता? माझ्यासमोर असून जाताय?"

भाकरी तव्यावर जळाली.

ती गेल्यावर मी मागे जाऊन गवताचं बूड चाचपलं. मधला काळा भाग बोटानं दाबला तर आत गेला. कडेच्या पात्यांत अजून जीव होता. होतं तसंच ठेवलं असतं तर येत्या पावसाळ्यापर्यंत काही उरलं नसतं. आवाज मग तसाही गेला असता. मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय. कुजवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेतला. मुठीमुठीनं पाती धरली आणि कापली. सुक्या गवताला धार असते, बोटं फाटली. मधलं कुजकं पकड घालून उचकटलं आणि फेकलं. वरून दोस्त गॅलरीतून बघत होता. नारळाचं नाव काढलं नाही. पेंढी बांधून कचऱ्याच्या डब्याशी नेली तेव्हा वाटेत तुरे माझ्या मांडीला घासत होते, तोच आवाज करत. पेंढी खाली ठेवताना माझा हात सुटेना. झाडूवाली म्हणाली, "काका, ठेवा ना, मी घेते." मग ठेवली.

दुपारी आडवा झालो. जाळीतून नुसता उजेड येत होता. समोर टॉवरचं मशीन चालू होतं, कुणीतरी कुकर लावला होता. सूप नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"कापलं?"

"कापलं."

"पप्पा?"

"गेली गं ती," मी म्हटलं.

इतक्या दिवसांत हे वाक्य माझ्या तोंडातून आलं नव्हतं. अनोळखी कुणी तिची चौकशी केली तर मी 'घरी नाही' म्हणायचो. तिकडे तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "जेवण काय केलंय?"

"काही नाही अजून."

"भात तरी लावा."

मी उठलो आणि तांदूळ काढले. खडे होते. खिडकीपाशी बसून हातानं निवडले.